सासऱ्यांचं धुतलेलं पाकीट

जगात न निघणारा डाग नसतो, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. डाग राहतो तो काढणाऱ्याच्या आळसामुळे, हे ते गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत. त्यांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं, वाफेची इस्त्री आणि डाग काढायच्या बाटल्यांनी भरलेलं एक कपाट. शाई, तेल, गंज, रंग, रक्त, सगळ्यावर त्यांच्याकडे औषध होतं. लोक रडवेल्या तोंडाने कोट घेऊन येत आणि हे चिमटीत कापड धरून म्हणत, "एवढंच ना? परवा घेऊन जा."

असा हा छातीठोक बोलणारा माणूस जगात एकालाच घाबरायचा. सासऱ्यांना. खरं तर त्यांना 'जावईबापू' म्हणायचे ते आधी फक्त सासरेच, पण ज्या सुरात म्हणायचे तो सूर ऐकून ते नाव सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं.

सासरे बॉयलर तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर कारखान्यांतून फिरले. बॉयलरवर हातोडीने टक् करून ते नुसते कान देऊन उभे राहिले, तरी मालकाला घाम फुटायचा, कारण यांच्या एका सहीने आख्खा कारखाना बंद पडायचा. निवृत्तीच्या दिवशी हातोडी खात्यात जमा झाली, पण नजर त्यांनी स्वतःकडेच ठेवली. त्या नजरेने ते बघायला लागले की समोरच्या माणसाला आपल्याला कुठे कुठे तडे गेलेत ते आठवायला लागायचं. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी आले, तेव्हा जावयाची विचारपूस करायच्या आधी त्यांनी कुकरची शिट्टी काढून उजेडात धरली होती, आणि काही न बोलता परत बसवली होती. ते न बोललेलं वाक्य काय असेल, याचा विचार जावईबापू अजूनही अधूनमधून करत.

या सासऱ्यांना एकच नाद होता, तो म्हणजे जुन्या पोस्टाच्या तिकिटांचा. सासूबाईंना घेऊन ते थोरल्या मुलीकडे परगावी राहायला निघाले, तेव्हा जाता जाता दुकानात डोकावले.

"जावईबापू, माझं एक पाकीट यायचंय पोस्टाने. घराला कुलूप असणार, म्हणून तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय. नीट घेऊन ठेवाल?"

"बाबा, मी असताना तुम्ही काळजीच सोडा," जावईबापू म्हणाले.

संध्याकाळी हे ऐकून बायको म्हणाली, "नुसतं 'हो' म्हणाला असतात तरी चाललं असतं की." बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज लोकांना सुया टोचायची, त्यामुळे भीतीने पांढरेफटक पडलेले चेहरे ही तिच्या दृष्टीने अगदी किरकोळ गोष्ट होती.

पाकीट आलं ते पोस्टमनने दोन बोटांत लोंबतं धरून आणलं. पारदर्शक पिशवीत घातलेलं, आणि पिशवीवर पोस्टाची छापील चिठ्ठी: टपाल खराब अवस्थेत मिळाले, दिलगीर आहोत.

"पोत्यात कुणाची तरी केसांच्या तेलाची बाटली फुटली," पोस्टमन ओशाळून म्हणाला. "सगळ्याच टपालाला अभिषेक झालाय. इथे सही करा."

जावईबापूंनी सही केली. पोस्टमनने तो कागद त्याच तेलकट झोळीत टाकला आणि तो पुढच्या दुकानाकडे वळला.

बाहेरचं वेष्टण हातात घेताच त्याचा लगदा झाला. आत दोन पुठ्ठे होते, आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये एक जुनं पाकीट. ते बघून जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. पाकीट भिजून, फुगून, वाळून सुरकुतलं होतं. अर्ध्या भागावर तपकिरी डाग पसरला होता. एका कडेला जांभळा फराटा उमटला होता. आणि तिकीट! सासऱ्यांचं तिकीट अर्धवट सुटून वाकडं झालं होतं, त्याच्या कडेचे दाते दुमडले होते, खालचा कोपरा कागदाला कसाबसा धरून होता.

एरवी त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं की तेलाचा डाग असा दिसत नाही. तेल पसरतं, त्याला अशी गडद किनार येत नाही. हे ते झोपेतसुद्धा सांगू शकले असते. पण माणूस घाबरला की आधी त्याची विद्या पळते आणि मग तो.

तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, पाकीट आलं का?"

"नाही बाबा," जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. हे वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. ते आपोआप आलं, शिंक येते तसं.

"बरं. आलं की कळवा," म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला, आणि जावईबापू काउंटरला धरून उभे राहिले. आता पाकीट आलेलं नव्हतं. म्हणजे जे काही करायचं ते ते येण्याच्या आत करायला हवं होतं.

बाजारात तिकिटांचं एक दुकान होतं. जुनी तिकिटं, नाणी, असलं काहीबाही विकणारे एक काका तिथे बसत. सासऱ्यांची तिथे जा-ये असल्यामुळे जावईबापूंना नंबर ठाऊक होता. पाकीट घेऊन तिथवर जायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी फोनच केला, आणि कुणाचं पाकीट ते न सांगता विचारलं, "टपालात भिजलेलं तिकीट वाचवायचं झालं तर कसं वाचवतात?"

तिकीटवाल्या काकांना बोलायची भारी हौस. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ते सुरू झाले. "पहिली गोष्ट, ओढायचं नाही. तिकीट ओढलं की मागचा कागद सोलून निघतो, मग रडत बसा. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, तिकीट खाली तोंड करून सोडा आणि गप्प बसा. डिंक सुटला की ते आपणहून तरंगत बाजूला होतं. बोटं लावू नका, चपट्या टोकाचा चिमटा घ्या. मग टिपकागदावर उपडं ठेवायचं, वर दुसरा टिपकागद, त्यावर जाडजूड पुस्तक. दाते दुमडले असतील तर ओले असतानाच सरळ करायचे. आणि शाई जांभळी किंवा लाल असेल तर जपा, ती पाण्यात पळते. अहो, लोक काय काय करतात सांगू? एकाने केटलीच्या वाफेवर धरलं, तर त्याचं तिकीट..."

पण जावईबापूंनी फोन ठेवला होता. त्यांना हवं ते मिळालं होतं. शिवाय वाफेचं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुपारी त्यांनी दुकान अर्धं बंद केलं आणि मागच्या खोलीत कामाला लागले. खरं सांगायचं तर काम त्यांनी सुंदर केलं. पसरट तसराळ्यात कोमट पाणी घेतलं, तिकिटाचा भाग त्यात सोडला आणि श्वास रोखून उभे राहिले. थोड्या वेळाने तिकीट अलगद सुटून पाण्यात तरंगायला लागलं, तेव्हा त्यांना मूल जन्मल्यासारखा आनंद झाला. गिऱ्हाइकाच्या कोटातून काटा काढायच्या चिमट्याने त्यांनी ते उचललं. एकेक दाता सुईच्या टोकाने सरळ केला. तिकीट टिपकागदात गेलं, टिपकागद कपड्यांच्या हिशेबाच्या जाडजूड वह्यांखाली गेला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोर डाग होता. आणि डाग समोर असताना जावईबापूंचा हात थांबेल, हे त्यांच्या हातून होणारं काम नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. तपकिरी डाग कापसाच्या बोळ्याने टिपून टिपून उतरवला. मग तो जांभळा फराटा. तो चिवट निघाला, पण शाईचं औषध आणि चिकाटी यांच्यापुढे तोही हटला. शेवटी मंद वाफ आणि मलमलीच्या फडक्याआडून हलकी इस्त्री. पत्त्याची काळी अक्षरं आणि पोस्टाचा काळा गोल शिक्का तेवढा जागचा हलला नाही. बाकी पाकीट असं निघालं, की जणू कालच कुणीतरी दुकानातून आणलंय.

घरी त्यांनी ते बायकोसमोर ठेवलं.

"अगदी नवीन दिसतंय," बायको म्हणाली.

"मग?"

"बाबांना जुनी लागतात ना पण?"

"जुनी म्हणजे घाणेरडी नव्हे," जावईबापू म्हणाले, आणि त्या दिवशी ते निवांत जेवले. उद्या बाबांना पाकीट आल्याचं कळवायचं, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कळवायच्या आतच सासऱ्यांचा फोन आला. आवाज जरा खाली आला होता, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटायची.

"जावईबापू, ते पाकीट काय आहे ते तुम्हाला सांगून ठेवतो. म्हणजे आलं की तुमच्याकडून काही व्हायला नको. फार वर्षांपूर्वी एक टपालाचं जहाज बुडालं. पाणबुड्यांनी पोती वर काढली. पोस्टाने एकेक पाकीट वाळवलं, प्रत्येकावर जांभळा शिक्का मारला, 'बुडालेल्या जहाजातून मिळाले', आणि ज्याचं त्याला पोचवलं. त्यातलं हे एक."

जावईबापू खाली बसले. खुर्ची नव्हती, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं होतं, त्यावर बसले.

"त्यावर डाग असेल. तो समुद्राचा डाग आहे. तो आहे म्हणून तर ते पाकीट, नाहीतर असली पाकिटं रद्दीत मिळतात. तुमचा धंदा मला माहीत आहे. तुमचे हात शिवशिवतील. पण पुसायचं नाही, झटकायचं नाही. फुंकरसुद्धा मारायची नाही. ऐकताय ना?"

"हो बाबा."

"आणि दुसरं. पाठवणारा म्हणतो पाकीट कधीच पोचायला हवं होतं. तेव्हा मी पोस्टात लेखी तक्रार केली आहे. तुमच्या भागातल्या पोस्टमनची चौकशी लावा म्हणून."

फोन बंद झाला तरी जावईबापू तो कानाला लावूनच बसले होते. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, हे त्यांना त्या गाठोड्यावर बसून नीट कळलं. त्यांनी नुसता डाग काढला नव्हता. त्यांनी एक आख्खा समुद्र धुऊन टाकला होता.

ते तडक तिकीटवाल्या काकांच्या दुकानात गेले आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. कुणाचं आहे, काय आहे आणि काय झालं, ते सगळं सांगून टाकलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि काढलं. पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी तिकीट सोडवायला सांगितलं. डाग काढायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," जावईबापू म्हणाले. "काका, हे पुन्हा खराब करून देता का?"

"काय?"

"होतं तसं. तुम्हाला यातलं कळतं."

काकांनी उठून आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. "त्याला बनावट म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना तर मी खरं तिकीट विकतानाही घाबरतो. एकदा त्यांनी माझं भिंगच तपासायला घेतलं होतं. तुम्ही इथे आला नव्हतात. आपण फोनवरही बोललो नाही. नमस्कार."

मदत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच्या अकलेवर येतो, आणि जावईबापूंची अक्कल आधीच रजेवर गेली होती. दुकानात परत येऊन त्यांनी एका परातीत मिठाचं पाणी केलं, दुसऱ्या भांड्यात चहाचा कोरा काढा आणि कुंडीतली थोडी माती घेतली. सासऱ्यांच्या पाकिटाला हात लावायचा धीर होत नव्हता, म्हणून आधी साध्या पाकिटांवर प्रयोग सुरू केले. पहिलं पाकीट गटारात पडल्यासारखं झालं. दुसरं उंदराने पळवल्यासारखं. तिसऱ्यावर तर सरळसरळ कपाचा गोल उमटला. ज्या माणसाने आयुष्यभर डाग काढले, त्याला एक साधा डाग पाडता येत नव्हता. दुसऱ्या दिवशीही हाताला माती आणि बाहीला चहा, अशा अवस्थेत ते चौथं पाकीट माखत होते, तेवढ्यात दारात पोस्टमन उभा राहिला.

आज त्याच्या खांद्यावर झोळी नव्हती.

"साहेब, तुम्ही पाकीट घेतलं होतंत ना? त्या तेल सांडलेल्या दिवशी?"

"घेतलं होतं," जावईबापू म्हणाले.

"मग आमच्या ऑफिसात तसं सांगाल का? तुमच्याच सासऱ्यांची तक्रार आलीय, की पाकीट पोचलंच नाही. मी म्हटलं, सही आहे. कागद काढला तर तो तेलाने असा झालेला, सही वाचताच येईना. पोस्टमास्तर म्हणतात, पाकीट तूच ठेवून घेतलंस. मला आतल्या कामाला बसवलंय, आणि उद्या लेखी जबाब मागितलाय. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक पोस्टकार्ड हरवलं नाही हो."

तो चिडला असता तर जावईबापूंना बरं वाटलं असतं. पण तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते जावईबापू दोन दिवस आरशात बघत होते, त्यामुळे तो त्यांना लगेच ओळखता आला. आपण ज्या माणसाला घाबरून खोटं बोललो, त्याच माणसाच्या भीतीने आता हा बिचारा इथे उभा आहे, आणि याने तर काहीच धुतलेलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्यासमोरच फोन करतो."

त्यांनी मातीचे हात धुतले. बराच वेळ धुतले. मग फोन लावला.

"बाबा, पाकीट आलंय."

"आलं? छान. कसं आहे?"

जावईबापूंनी पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमनने हात जोडले.

"स्वच्छ आहे," जावईबापू म्हणाले.

पोस्टमनने श्वास धरला.

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे... मी धुतलं, बाबा. तुम्ही पहिला फोन केलात तेव्हाच ते आलं होतं. मी खोटंच 'नाही' म्हणालो. पोस्टमनचा काही दोष नाही."

"मी येतोय," एवढंच म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला.

ते दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने आले आणि घरी न जाता थेट दुकानात शिरले. बातमी कळल्यामुळे बायकोही लॅबमधून सुटी काढून आली होती. "मारणार नाहीत ते," तिने नवऱ्याला सकाळीच सांगितलं होतं. "फार तर बघतील." पण जावईबापूंना तेच तर नको होतं.

सासऱ्यांनी काउंटरवरचे कपडे बाजूला सारले, खिशातून भिंग काढलं, पाकीट समोर ठेवलं, शेजारी तिकीट ठेवलं आणि तपासायला सुरुवात केली. आधी पाकिटाच्या चारी कडा, मग मागची बाजू, मग पत्ता. मध्येच त्यांनी नखाने पाकिटावर हलकेच टक् केलं आणि कान दिला. एक गिऱ्हाईक दारात आलं, आतला प्रकार बघून कपडे न टाकताच परत गेलं.

मग सासऱ्यांचं भिंग एका जागी थांबलं. जिथे पूर्वी तिकीट होतं, तिथे.

"हे असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"हा शिक्का. पोस्टाचा काळा गोल शिक्का. तिकिटाच्या खाली असा पूर्ण होता?"

"हो. तो निघाला नाही. म्हणजे मी काढायचा प्रयत्न... थोडाच केला."

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. "ये इकडे," ते लेकीला म्हणाले. "बघ. पोस्टात शिक्का मारतात तो तिकिटावर. अर्धा तिकिटावर पडतो, अर्धा कागदावर. तिकीट काढलं तर खाली कोरी जागा राहायला हवी. इथे कोरी जागाच नाही. गोल पूर्ण आहे. म्हणजे शिक्का मारला तेव्हा इथे तिकीट नव्हतंच. कुणीतरी नंतर चिकटवलंय."

"म्हणजे पाकीट खोटं?" बायकोने विचारलं.

"खोटं. जहाज नाही, समुद्र नाही, काही नाही. तो जांभळा शिक्काही खोटाच असणार, आणि डागसुद्धा." ते थांबले. "तिकीट वर असेपर्यंत हे कुणालाच कधी दिसलं नसतं. मलाही नाही."

जन्मभरात कुठल्या कारखानदाराला त्यांना फसवता आलं नव्हतं. आज ते स्टुलावर बसले, आणि पहिल्यांदाच जावईबापूंना ते थकलेले वाटले. त्यांचा स्वतःचा जीव भांड्यात पडला होता, पण तो तिथे पडलाय हे तोंडावर दिसू न देणं हेही एक कामच होतं.

"पोस्टात जाऊन येतो," सासरे उठत म्हणाले. "तक्रार मागे घेतो, आणि त्या माणसाची माफी मागतो. तुम्हीही चला. तुम्हालाही मागायची आहे."

पोस्टात दोघांनी माफी मागितली. सासऱ्यांना ती मागता येत नव्हती, सवयच नव्हती. ते पोस्टमनसमोर ताठ उभे राहून म्हणाले, "माझ्याकडून तपासणीत चूक झाली." पोस्टमन इतका घाबरला की त्यानेच उलट माफी मागितली. पण संध्याकाळी त्याच्या खांद्यावर पुन्हा झोळी दिसली, आणि जावईबापू त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. संकट आलं, डोक्यावरून गेलं, एक ओरखडासुद्धा नाही, असं त्यांना वाटलं.

सकाळी दुकान उघडतात तोच सासरे आले. त्यांच्या काखेत एक मोठा, जाड, कापडी बांधणीचा अल्बम होता. तो त्यांनी काउंटरवर असा ठेवला, की जावईबापू नकळत मागे सरकले.

"पाकीट खोटं होतं, पण काम चोख होतं," सासरे म्हणाले. "मी रात्रभर ते तिकीट बघत होतो. एक दाता तुटलेला नाही, मागचा कागद फाटलेला नाही. असा हात मी पाहिला नाही." त्यांनी अल्बम उघडला. पानोपानी तिकिटं होती, आणि तिकिटांवर दमटपणाने आलेले बारीक तपकिरी ठिपके. "ही माझी आयुष्यभराची. पोरवयापासूनची. ही बुरशी मी कुणाला काढू दिली नाही, कुणावर विश्वासच नव्हता. तुम्ही काढा."

"सगळी?" जावईबापूंनी विचारलं.

"सगळी. घाई नाही." सासऱ्यांनी स्टूल ओढलं, मागच्या खोलीत नेलं आणि बरोबर तसराळ्यासमोर मांडून त्यावर बसले. भिंग काढलं, पुसलं, डोळ्याला लावलं. "करा सुरुवात. मी बघतो."

जावईबापूंनी कोमट पाणी घेतलं. चिमटा उचलला. चिमट्याचं टोक थरथरत होतं, आणि थांबवायला जावं तसं जास्तच थरथरत होतं.

"हात का हलतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही जरा पुढे बसलात तर... म्हणजे तिथे उजेडही चांगला आहे."

"का? तुम्ही मला घाबरता की काय?"

जावईबापूंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.